झिणझिणबाई

आमच्या बाई पहिल्याच तासाला कोपर मागायच्या. हजेरी नाही, नाव-गाव नाही, अभ्यासक्रमाची यादी नाही. वर्गात यायच्या, खुर्ची बाकांजवळ ओढायच्या आणि समोर बसलेल्या मुलीला म्हणायच्या, "कोपर आण इकडे." मग कोपराच्या आतल्या बाजूला, दोन हाडांमधल्या खोबणीत, अंगठ्याने हलकेच दाबायच्या. मुलगी दचकायची, कारण थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या जायच्या. बाई तिच्या चेहऱ्याकडे शांतपणे बघत राहायच्या आणि मग सगळ्या वर्गाला सांगायच्या, "अंगातल्या सगळ्या तारा मांसात खोल पुरलेल्या असतात. ही एवढी एक उघड्यावर राहिलीय. हिला आधी भेटून घ्या." त्यानंतरचा तास संपेपर्यंत सगळा वर्ग आपापलं कोपर चाचपत बसलेला असायचा.

म्हणून त्या झिणझिणबाई. हे नाव आमच्या आधीच्या कुठल्यातरी वर्गाने ठेवलं होतं आणि आम्हाला ते आयतं मिळालं. बाईंना ते ठाऊक होतं. शिक्षकांच्या खोलीबाहेर उभं राहून कोणी दबक्या आवाजात "झिणझिणबाई आहेत का गं?" असं विचारलं की आतूनच "आहेत" असं उत्तर यायचं. विचारणारा पळायचा, आणि बाई दारात येऊन रिकाम्या व्हरांड्याकडे बघत उभ्या राहायच्या, जणू काही तो व्हरांडाच त्यांना भेटायला आला होता.

त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. उंच, किडकिडीत, साध्या सुती साडीतल्या, आणि बोटांना कायम खडू. पंचवटीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे एक मोपेड होती आणि ती त्या अशा बेताने चालवायच्या की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. बोलताना त्या मधेच थांबायच्या. वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत राहायच्या, आणि आता या विसरल्या असं वाटावं तोवर बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायच्या. बाई झोपेत शिकवतात की आपण झोपेत शिकतो, यावर आमच्यात बरेच वाद झाले. मला विचाराल तर दोन्ही खरं होतं. त्यांच्या तासाला पापण्या जड व्हायच्या, पण ऐकलेलं एक अक्षरही पुढे कधी विसरायला झालं नाही.

त्यांचा एक शब्द होता, "पोचू दे." आमच्या वर्गात सायखेड्याहून बसने येणारी एक मुलगी होती. प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि उभीच राहायची. मागच्या बाकांवर खसखस पिकायची. बाई हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "हसू नका. निघालंय. पोचू दे." मग त्या वाट बघायच्या आणि त्यांच्यामुळे आम्हालाही बघावी लागायची. शेवटी उत्तर यायचं, बहुतेक वेळा चुकीचं. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. "आलं की नाही? आता बरोबर आहे का ते बघू," असं म्हणून त्या पुढे जायच्या. त्या मुलीने पुढे कधी उत्तर द्यायचं टाळल्याचं मला आठवत नाही.

मज्जासंस्था त्या दुपारच्या तासाला घ्यायच्या, आणि मला वाटतं मुद्दामच. खिडक्या लोटून घ्यायला सांगायच्या. "डोळे मिटा. उजव्या पायाच्या अंगठ्यावर मुंगी चढलीय." मुंगी नसायची, पण अंगठा वळवळायचा. मग बाईंचा आवाज त्या मुंगीची बातमी घेऊन निघायचा. अंगठ्याच्या कातडीतून घोट्याकडे, पोटरीतून, मांडीतून, वर कंबरेपर्यंत. एवढ्या लांबच्या वाटेवर पेशी एकच. तिचं शरीर कण्याच्या शेजारी, डोळ्यांना दिसणार नाही इतकं लहान, आणि हात मात्र तिथून पायाच्या अंगठ्यापर्यंत लांबवलेला. "उंदराची वाट वीतभर," बाई म्हणायच्या, "आणि देवमाशाची या अख्ख्या व्हरांड्याएवढी. पेशी तशीच. फक्त हात लांब." त्या हातावर चरबीचं वेष्टण असतं आणि त्या वेष्टणाला जागोजागी खंड असतात, म्हणून बातमी सरपटत जात नाही, या खंडावरून त्या खंडावर उड्या मारत जाते. उन्हाळ्यात गोदावरीचं पात्र आटल्यावर आम्ही दगडांवरून उड्या मारत पलीकडे जायचो, तशी.

आणि कंबरेपाशी तिला पुढची पेशी भेटते, पण त्या दोघी एकमेकींना शिवत नाहीत. मधे फट असते. बाई आपली दोन बोटं समोरासमोर आणायच्या आणि अगदी टेकणार तोच थांबवायच्या. बातमी या काठावर येते, इथे काहीतरी थेंबभर सांडतं, आणि पलीकडची जागी होते. तिला पटलं तर ती बोलते, नाहीतर बोलत नाही. आणि बोलते ती पुऱ्या आवाजात, हळू आवाज तिला माहीतच नाही. खूप दुखत असेल तर ती जोरात बोलत नाही, पुन्हा पुन्हा बोलते. हे ऐकून मला माझे वडील, आमचे अण्णा, आठवायचे. अण्णाही एकतर गप्प असायचे नाहीतर पुऱ्या आवाजात.

हे सगळं चालतं कशावर, असं कोणीतरी विचारलं तेव्हा बाईंनी आपला डबा उघडला, पोळीच्या कडेला ठेवलेल्या मिठाची चिमूट उचलली आणि आम्हाला दाखवली. मीठ आत आणि मीठ बाहेर, एवढीच देवघेव. "हे आहे म्हणून मी तुम्हाला ऐकू येते," असं म्हणून त्यांनी ती चिमूट तोंडात टाकली. घरी जाऊन मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, मग तुझ्या अण्णांना सांग, आमटी खारट झाली की कुरकुरू नका.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटेची फुलं नाशिकच्या फुलबाजारात जायची, पण अण्णांचं खरं नाव होतं ते डोळे भरण्यासाठी. गावठी गुलाबाच्या खुंटाच्या सालीला बारीक चीर द्यायची, चांगल्या जातीचा एक डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. पंचक्रोशीत अण्णांनी भरलेला डोळा वाया गेला असं सहसा होत नसे. खुंट ते डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत धरायचे, म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट डोळ्यासाठी मोकळं राहायचं. ती दोन बोटं नुसती धरायची नाहीत, साल किती सैल झालीय हेही त्यांनाच कळायचं. अण्णा काम करताना खुंटाकडे फारसे बघतच नसत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भाद्रपदात बांधावरचं गवत कापताना अण्णांच्या हातातला विळा निसटला आणि डाव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूने, खोल गेला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी तुटलेलं सगळं जुळवलं, तार शिवली आणि सांगितलं की वेळ लागेल. महिनाभराने हाताला बांधलेली आधाराची पट्टी सुटली तेव्हा शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वळलेली होती आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. करंगळीला चिमटा काढला तरी अण्णा दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे बघायचे. खुंट धरायला गेले तर तो हातात फिरायचा. ते घरात बोलेनासे झाले, पुऱ्या आवाजातही आणि हळूही.

आमच्याकडे कुठलंही अंग बधिर झालं की त्यावर एकच इलाज, शेक. आत्या मुक्कामाला आली आणि तिने वाळूची पोटली तव्यावर तापवली. भावाच्या मायेने तिने ती त्या दोन बोटांवर धरली, आणि अण्णांना कळत नाही म्हणून आणखी तापवून धरली. अण्णा ओट्यावर बसून तिच्याशी गप्पा मारत होते. संध्याकाळी आईने बघितलं तर करंगळीवर टपोरा फोड आला होता.

त्याच आठवड्यात बाई आल्या. मी कॉलेजला येत नाही म्हणून चौकशी करत, मोपेड चिखलातून ढकलत मळ्यात पोचल्या. अण्णांचा हात बघितला, फोड बघितला, आणि आत्याला समोर बोलावलं. मी त्यांना रागावलेलं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे तो राग आहे हे मला उशिरा कळलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. दुखणं म्हणजे राखणदार आहे, त्या आत्याला म्हणाल्या, आणि या दोन बोटांचा राखणदार सध्या गावाला गेलाय. तो येईपर्यंत गरम पातेलं नाही, काटा नाही, शेक तर नाहीच. मग अण्णांकडे वळल्या. "ज्या बोटाला कळत नाही, त्याच्याकडे डोळ्यांनी बघायचं. सारखं." आत्या रडू लागली, तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा मागितला.

चहा पिता पिता अण्णांनी विचारलं, "बाई, तार तुटली म्हंजी आता मेलीच की ती."

"तुटल्याच्या पलीकडची मेली," बाई म्हणाल्या. "पण तिची नळी शाबूत आहे. अलीकडची जिवंत आहे, आणि ती त्या नळीतून पुन्हा वाढत जाईल. फार हळू."

अण्णा विचार करत बसले. मग म्हणाले, "म्हंजी खुंट जित्ता हाय."

बाई मधेच थांबल्या, समोरच्या शेवंतीकडे बघत राहिल्या, आणि मग हसल्या. "हो. खुंट जिवंत आहे, अण्णा. महिन्याला एक पेर धरा. तुमच्याच बोटाचं पेर."

त्यानंतर त्या दर महिन्याला येऊ लागल्या. औषध, व्यायाम यात त्यांनी कधी तोंड घातलं नाही. डॉक्टर सांगतील ते खरं, मी नुसती बघायला येते, असं म्हणायच्या. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली तार त्यांना आता जिवंत, वाटेने पुढे सरकताना सापडली होती, आणि ती सोडायची त्यांची तयारी नव्हती. ओट्यावर बसून अण्णांचा हात मांडीवर घ्यायच्या आणि बोटांकडून मनगटाकडे, तारेच्या वाटेवर, एका बोटाने टिचकी मारत यायच्या. "कुठवर?" एवढंच विचारायच्या. ज्या जागी टिचकी मारल्यावर झिणझिण्या यायच्या, तिथवर तारेचं नवं टोक येऊन पोचलेलं असायचं. तिथे खूण करायची. शाई दोन दिवसांत जायची, म्हणून आईने कुंपणाची मेंदी वाटली आणि काडीने ठिपका दिला. पुढच्या महिन्यात जुना ठिपका फिका व्हायचा आणि त्याच्या पुढे नवा यायचा. फुलबाजारात अण्णांचा मेंदी लावलेला तळहात बघून लोक विचारायचे, "काय अण्णा, परत बोहल्यावर चढता का?" अण्णा लाजायचे. मी माझ्या बापाला लाजताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

बाईंनी त्यांना आणखी एक गंमत दाखवली. डावा हात हौदाच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगितला. बऱ्याच वेळाने बाहेर काढला तर तीन बोटांची टोकं सुरकुतली होती आणि शेवटची दोन गुळगुळीत होती. पाण्याने बोट सुरकुततं ते नुसतं भिजून नाही, बाई म्हणाल्या, तार सांगते म्हणून. अण्णा कितीतरी वेळ त्या गुळगुळीत बोटांकडे बघत होते. एरवी माणसाला सुरकुत्या नको असतात. आमच्या घरात त्या वर्षी सगळे जण दोन सुरकुत्यांची वाट बघत होते.

संक्रांतीच्या सुमारास अण्णांनी एक चूक केली. बाई लांबून येतात, आई भाकरी-ठेचा करून त्यांची वाट बघते, आणि ठिपका तर मागच्या महिन्यापासून हललेला नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून अण्णा म्हणाले, आता करंगळीच्या मुळापर्यंत पोचलं. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. मग टिचकी मारलीच नाही, बोट नुसतं हवेत धरलं, आणि विचारलं, "कुठवर?"

"हितवर," अण्णा म्हणाले आणि करंगळीकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्यांचा हात सोडला नाही. "अण्णा, मला खूश करू नका," त्या म्हणाल्या. "तार खोटं बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. तुम्ही खरं सांगितलं नाही तर मला कसं कळणार, ती कुठे बसलीय ते?" अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी पोरासारखी मान खाली घातली होती. त्यानंतर त्यांनी बाईंना कधीही खोटं सांगितलं नाही, एक वेळ सोडून, आणि ती वेळ पुढे येईल.

फाल्गुनात ठिपका खरोखरच करंगळीच्या मुळापाशी आला. उन्हाळ्यात अनामिका जागी झाली. एका सकाळी हौदावर अण्णांनी हात बुडवला आणि पुऱ्या आवाजात मला हाक मारली. अनामिकेच्या टोकाला बारीक, तिरप्या सुरकुत्या पडल्या होत्या. आई धावत आली, आम्ही तिघं त्या एका बोटावर वाकून उभे राहिलो, आणि आईने पदर डोळ्यांना लावला. पावसाळ्यात अण्णांनी पुन्हा खुंट धरला. पहिले काही डोळे वाया गेले. मग जमू लागलं, आणि घरात पुन्हा मोठ्याने बोलणं सुरू झालं.

करंगळी मात्र शेवटच्या पेरापाशी अडली. ठिपका तिथे आला आणि तिथेच राहिला. दिवाळी झाली तरी टोक गुळगुळीतच होतं. एका दुपारी बाईंनी नेहमीसारखी टिचकी मारली आणि मग हात खाली ठेवून सांगितलं, की कदाचित आता इथेच थांबेल. सगळ्या पोचत नाहीत, काही वाटेत हरवतात, आणि त्यात कुणाची चूक नसते. त्यांना ते बोलायला जड गेलं हे दिसत होतं.

अण्णा म्हणाले, "पोचू द्या, बाई. घाई काय हाय."

बाईंचाच शब्द बाईंना परत मिळाला होता. त्यांनी खिडकीबाहेर बघावं तसं मळ्याकडे बघितलं आणि भाकरी खायला आत गेल्या.

पुढे माझं शिक्षण संपलं. मी कुठे नोकरीला गेले नाही, अण्णांबरोबर मळ्याची रोपवाटिका केली. बाई निवृत्त झाल्या, तरी मोपेड चालवत यायच्या. करंगळी बघायच्या, "कुठवर?" विचारायच्या, अण्णा खरं ते सांगायचे, आणि मग दोघं गप्प बसायचे. मला वाटतं ती दोघं त्या गप्प बसण्यासाठीच भेटत असावीत. दोन हजार सालानंतर रस्त्यावर गाड्या वाढल्या तशी आम्हाला त्या मोपेडची काळजी वाटायची. पण झालं ते वेगळंच. एका सकाळी बाई घरात चहाचं आधण ठेवायला उठल्या आणि कोसळल्या. अर्धांगवायू होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा अण्णांनी वाटेत मला विचारलं, बाईंची तार महिन्याला किती पेर चढंल? बाईंनीच शिकवलं होतं, हाताची तार तुटली तर पुन्हा वाढते, मेंदूतली वाढत नाही. दुपारच्या त्या लोटलेल्या खिडक्यांच्या वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या वेळ थांबल्या होत्या की आम्हाला वाटलं आता तास संपला. हे अण्णांना सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि बाईंना तर ते सांगायची गरजच नव्हती.

नागपूरहून त्यांची भाची आली होती. बिचारी मनापासून करत होती. अण्णांनी तिच्याकडून परात मागून घेतली, पाणी ओतलं आणि बाईंचा उजवा हात, उचलताही न येणारा, त्यात बुडवून ठेवला. भाची माझ्याकडे बघू लागली. बऱ्याच वेळाने अण्णांनी हात बाहेर काढला, पंच्याने टिपला आणि पाचही बोटं बाईंच्या डोळ्यांसमोर धरली. पाचही सुरकुतली होती.

"बगा," अण्णा म्हणाले, "तार शाबूत हाय."

आणि ते खरंच होतं. हाताची तार शाबूतच होती. बिघाड वर होता, जिथून निरोप निघतो तिथे. हे त्या खोलीत बाईंना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघितलं, मग अण्णांच्या चेहऱ्याकडे, आणि त्यांचं तोंड एका बाजूने हसलं. दुसरी बाजू हसली नाही, पण डोळे दोन्ही हसले. मी तोंड फिरवून गॅलरीत गेले आणि रडले.

अण्णा दर आठवड्याला जाऊ लागले. फुलं बाजारात टाकली की पंचवटीत जायचे, बाईंचं उजवं कोपर हातात घ्यायचे, खोबणीत अंगठा ठेवायचे आणि विचारायचे, "कुठवर?" बाईंचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने आम्हाला सांगितलं की मेंदूत तुटलेली वाट पुन्हा बांधली जात नाही, पण शेजारच्या वाटा कधी कधी तो भार उचलतात. पुलावरून पाणी गेलं की आपण लांबच्या पुलाने जातो तसं. बाईंचं तसंच काहीसं झालं. काही महिन्यांत खांदा हलला, मग मनगट. बोटं थोडी उघडू लागली. शब्दही आले, पण लांबच्या पुलाने. "पाणी" म्हणायचं असलं की त्या डोळे मिटायच्या, ओठ जुळवायच्या, आणि तोवर भाची पाणी, चहा, पंखा, औषध सगळं विचारून घ्यायची. अण्णा तिला हाताने थांबवायचे. "निघालंय, ताई. पोचू द्या." मग सगळे थांबायचे, आणि शब्द यायचा.

शेवटी भाचीने बाईंना नागपूरला न्यायचं ठरवलं. ते योग्यच होतं, इथे त्यांचं कोणी नव्हतं. आम्ही होतो, पण आम्ही कोण? निघायच्या दुपारी आम्ही गेलो. सामान खाली गेलं होतं, नाशिकरोडला जायला रिक्षा उभी होती, भाची घड्याळ बघत होती. बाईंना खुर्चीवरून उठवणार तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला. काहीतरी सांगायचं होतं. भाचीने विचारलं, चष्मा? किल्ली? शाल? बाई मान हलवत राहिल्या. अण्णा त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोचू द्या."

खालून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. आम्ही थांबलो. बाईंनी डाव्या हाताने अण्णांचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मग त्यांचा उजवा हात निघाला. तो हात मांडीवरून इतक्या सावकाश सरकत आला की भाची घड्याळ बघायची विसरली. एक बोट वेगळं झालं, थरथरलं, आणि अण्णांच्या करंगळीच्या टोकावर येऊन टेकलं. अगदी टोकावर, जिथवर मेंदीचा ठिपका कधीच गेला नव्हता.

अण्णांनी डोळे मिटले, बाईंनी शिकवलं होतं तसे.

"कु... ठ... वर?" बाई म्हणाल्या.

अण्णांनी लगेच उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खरोखरच वाट बघत होते.

"पोचलं, बाई," ते म्हणाले. "टोकापर्यंत."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान डोलावली आणि भाचीला उठवायची खूण केली.

त्या पुढे दोन-तीन वर्षं होत्या. भाचीचा फोन यायचा, आणि एके दिवशी तो फोनही आला. अण्णा तेव्हा खुंटाला चीर देत होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चाकू मिटला, बांधावर जाऊन बसले आणि आपलं कोपर हातात धरून कितीतरी वेळ तसेच बसले. मी त्यांना हाक मारली नाही. पोचायला वेळ लागतो, हे आता मलाही कळत होतं.

परवा आम्ही दोघं गुलाब छाटत होतो. अण्णांची नजर आता अधू झालीय, बोटाकडे डोळ्यांनी बघायचं राहून जातं. मला त्यांच्या सदऱ्यावर रक्त दिसलं. करंगळीच्या टोकात काटा पुरता रुतला होता आणि ते शेवंतीच्या भावाबद्दल बोलत होते. मी काटा काढला, हात धुतला, आणि न राहवून म्हणाले, "अण्णा, बाईंना तर पोचलं म्हणून सांगितलं होतंत."

अण्णांनी करंगळी उन्हात धरून नीट बघितली.

"त्यांला गाडी गाठायची व्हती," ते म्हणाले, आणि पुन्हा कात्री उचलली. "निघालंय ते. पोचंल."